वनस्पतींच्या मदतीने प्रदूषण-निवारण

प्रदूषित माती, पाणी आणि काही प्रमाणात हवा स्वच्छ करण्यासाठी जिवंत वनस्पतींचा हेतुपूर्वक वापर करण्याच्या तंत्राला वनस्पतिउपचार किंवा फायटोरेमेडिएशन म्हणतात. कारखान्याच्या सांडपाण्याने नासलेली शेतजमीन, खाणीतल्या टाकाऊ मातीचे डोंगर, औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचे ढीग, तेलगळतीने माखलेली आवारे, गावाचे मैलापाणी वाहून नेणारे ओढे अशा नाना ठिकाणी हे तंत्र वापरले गेले आहे. माती खणून दुसरीकडे नेणे, ती धुणे किंवा भट्टीत भाजणे या उपायांच्या मानाने त्याला खर्च पुष्कळ कमी येतो, जमिनीचा पोत टिकतो आणि उजाड जागा हिरवी होते. मात्र त्याला वेळ लागतो आणि ते सरसकट सगळीकडे लागू पडत नाही.

या तंत्राची कोणतीही पद्धत तपासताना एक प्रश्न विचारावा लागतो: प्रदूषक शेवटी जातो कुठे? खनिज तेल, कीटकनाशके, स्फोटके, विद्रावके ही कार्बनी संयुगे आहेत. वनस्पती आणि जीवाणू त्यांची मोडतोड करू शकतात आणि अनुकूल परिस्थितीत त्यांचे रूपांतर थेट कार्बन डायऑक्साइड व पाण्यात होते. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक ही मात्र मूलद्रव्ये आहेत. ती नष्ट करणे कोणत्याही सजीवाला शक्य नाही. वनस्पती त्यांची जागा बदलू शकते, रूप बदलू शकते किंवा त्यांना आहे तिथेच जखडून ठेवू शकते. वनस्पतिउपचाराच्या साऱ्या पद्धती, त्यांचे यश आणि त्यांच्या मर्यादा या फरकातून निघतात.

विकासाचे टप्पे

धातुयुक्त जमिनीवर ठरावीक वनस्पतीच उगवतात, हे युरोपातील खाणकामगारांना पूर्वापार ठाऊक होते. 1885 मध्ये बाउमान या जर्मन संशोधकाने जर्मनी-बेल्जियम सीमेजवळच्या जस्तयुक्त जमिनीवरील वनस्पतींच्या पानांत जस्ताचे असाधारण प्रमाण मोजले. 1948 मध्ये मिंगुत्सी आणि वेर्न्यानो या इटालियन संशोधकांना तस्कनी प्रांतातील अलिसम बेर्टोलोनी या झुडपाच्या वाळलेल्या पानांत सुमारे एक टक्का निकेल आढळले. सर्वसाधारण वनस्पतीत निकेल दर किलोमागे काही मिलिग्रॅमच असते. 1976 मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा निळसर-हिरवा चीक तपासला गेला, तेव्हा वाळलेल्या चिकाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेलचा निघाला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडचे रॉबर्ट ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वनस्पतींसाठी ‘अतिसंचयी’ ही संज्ञा रूढ केली. आज अशा सुमारे 700 जाती माहीत आहेत आणि त्यांतील बहुसंख्य निकेल साठवणाऱ्या आहेत.

या गुणाचा उपयोग जमीन स्वच्छ करण्यासाठी करावा, ही कल्पना अमेरिकेच्या कृषी विभागातील रुफस चेनी यांनी 1983 मध्ये मांडली. 1990 नंतरच्या दशकात अमेरिका आणि युरोपात प्रत्यक्ष जमिनीवर प्रयोग सुरू झाले, कंपन्या स्थापन झाल्या आणि अपेक्षाही फार वाढल्या. त्यानंतरच्या अनुभवाने त्या अपेक्षांना वास्तवाचे भान दिले.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रवाह यापासून स्वतंत्रपणे वाहत होता. जर्मनीतील केटे सायडेल यांनी 1950 च्या दशकात लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग केले, तर राइनहोल्ड किकुट यांनी 1970 च्या दशकात मुळांच्या परिसरातून सांडपाणी झिरपवण्याची पद्धत विकसित केली. आज भारतात ‘रूट झोन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पांचे मूळ या कामात आहे.

वनस्पतीच्या अंगात काय घडते

वनस्पतीला जस्त, तांबे, लोह, मँगनीज, निकेल हे धातू सूक्ष्म प्रमाणात लागतातच. ते आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींवर वाहक प्रथिने असतात. कॅडमियम आणि आर्सेनिक यांना वनस्पतीत काही काम नाही. परंतु त्यांचे रासायनिक रूप ओळखीच्या पोषकद्रव्यांशी मिळतेजुळते असल्याने ते त्याच दारांतून आत शिरतात. कॅडमियम जस्त आणि लोहाच्या वाटेने येते, तर आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने. म्हणूनच जमिनीत फॉस्फेट भरपूर असले, तर आर्सेनिकच्या शोषणात अडथळा येतो.

आत आलेल्या विषाचा बंदोबस्त दोन प्रकारे होतो. गंधकयुक्त लहान पेप्टाइड धातूच्या आयनांना बांधून निष्क्रिय करतात. 1985 मध्ये शोधल्या गेलेल्या या रेणूंना फायटोकेलाटिन म्हणतात. बांधलेले किंवा मोकळे आयन मग पेशीतील रिक्तिकेत कोंडले जातात. सामान्य वनस्पती शक्य तेवढा धातू मुळांतच अडवून धरते. अतिसंचयी वनस्पती उलट करते: मुळांतून तो झपाट्याने खोडात आणि पानांत पाठवते. पाने कापून नेता येतात, मुळे उपटून नेणे अवघड असते, त्यामुळे हा फरक व्यवहारात मोलाचा ठरतो.

कार्बनी प्रदूषकांच्या बाबतीत वनस्पती यकृतासारखे काम करते. विकरे त्या रेणूत बदल करतात, त्याला शर्करेची किंवा ग्लुटाथायोनची जोड देतात आणि तयार झालेले संयुग रिक्तिकेत वा पेशीभित्तिकेत साठवतात. रेणू आत येतो की नाही, हे त्याच्या विद्राव्यतेवर ठरते. मध्यम विद्राव्य संयुगे मुळांतून वर चढतात. डीडीटी आणि पीसीबीसारखी पाण्यात जवळपास न विरघळणारी संयुगे मातीला किंवा मुळांच्या सालीला चिकटून बसतात. भोपळ्याच्या कुळातील झुकिनी या बाबतीत अपवाद ठरते; डीडीटीपासून बनणारे डीडीई तिच्या काही वाणांत लक्षणीय प्रमाणात खोडापर्यंत पोहोचते.

याखेरीज मोठा वाटा मुळांच्या भोवतालच्या मातीचा असतो. मुळे शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि इतर द्रव्ये बाहेर सोडतात. त्या खाद्यावर जीवाणू आणि बुरशी पोसल्या जातात, त्यांची संख्या मोकळ्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी वाढते, आणि तेलासारख्या पदार्थांचे विघटन प्रामुख्याने तेच करतात.

धातू शोषून घेणे: हिशेब आणि वास्तव

धातू शोषणाऱ्या वनस्पती लावायच्या, वाढल्या की कापून न्यायच्या आणि माती पुरेशी स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पुन्हा पीक घ्यायचे, या पद्धतीला निष्कर्षण म्हणतात. वनस्पतिउपचार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हीच पद्धत येते. ती किती व्यवहार्य आहे, हे साध्या गणितातून कळते.

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 20 सेंटिमीटर थरात सुमारे 2,600 टन माती असते. त्या मातीत कॅडमियमचे प्रमाण दर किलोमागे 5 मिलिग्रॅम असेल आणि ते 1 मिलिग्रॅमवर आणायचे असेल, तर एकूण 10.4 किलो कॅडमियम बाहेर काढावे लागेल. वर्षाला 10 टन कोरडा पाला देणाऱ्या साध्या पिकाच्या दर किलो पाल्यात 20 मिलिग्रॅम कॅडमियम उतरले, तर वर्षाला 200 ग्रॅम निघेल आणि कामाला 52 वर्षे लागतील. अतिसंचयी वनस्पतीचा पाला वर्षाला 4 टनच मिळाला, पण त्यात दर किलोमागे 500 मिलिग्रॅम कॅडमियम असले, तर वर्षाला 2 किलो निघेल आणि पाच-सहा वर्षांत काम होईल. दक्षिण फ्रान्समधील थ्लास्पी सेरुलेसेन्स या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपाचे काही वाण अशा पातळीपर्यंत पोहोचतात. शिशाचा हिशेब मात्र जुळत नाही. दर किलोमागे 500 मिलिग्रॅमवरून 300 वर यायचे तर हेक्टरी 520 किलो शिसे काढावे लागते. शिसे मातीला घट्ट चिकटलेले असते आणि पानांपर्यंत क्वचितच चढते. 10 टन पाल्यात दर किलोमागे 100 मिलिग्रॅम उतरले असे धरले, तरी वर्षाला एकच किलो निघते. म्हणजे पाच शतके लागतील. शिवाय हा हिशेबही आशावादी आहे, कारण दरवर्षी मातीतला सहज सुटणारा अंश कमी होत जातो आणि शोषणही मंदावते.

शिशाची अडचण सोडवण्यासाठी 1990 च्या दशकात ईडीटीए हे रसायन मातीत मिसळून पाहण्यात आले. त्याने शिसे सुटे होते आणि मोहरीसारख्या पिकाच्या पानांत चढते, पण सुटे झालेले सगळे शिसे झाडाच्या वाट्याला येत नाही. उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलात जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हा मार्ग मागे पडला. आपल्याकडे काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत धातू विम्ल परिस्थितीमुळे आधीच बंदिस्त असतात. अशा जमिनीतून ते बाहेर काढण्यापेक्षा त्यांना आहे तिथेच ठेवणे अनेकदा शहाणपणाचे असते.

आर्सेनिकच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. 2001 मध्ये लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात टेरिस व्हिटाटा या नेच्याविषयी माहिती प्रसिद्ध केली. लाकूड टिकाऊ करण्यासाठी वापरलेल्या आर्सेनिकयुक्त द्रावणाने फ्लोरिडातील एक जागा दूषित झाली होती आणि तिथे हे नेचे जोमाने वाढत होते. प्रयोगात, आर्सेनिक मुद्दाम मिसळलेल्या मातीत सहा आठवड्यांत त्याच्या पानांत दर किलोमागे 22,630 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक, आर्सेनिक साठले. हेच नेचे भारतात जुन्या विटा-चुन्याच्या भिंतींच्या फटींत आणि विहिरींच्या कडांना आढळते. त्याच्या मुळांची पोच उथळ असल्याने वरच्या थरातील प्रदूषणासाठी ते उपयोगी पडते.

निष्कर्षणाचा शेतीत प्रत्यक्ष फायदा दाखवणारे एक उदाहरण जपानचे आहे. तोयामा प्रांतातील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे भात दूषित झाला आणि इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा वेदनादायी आजार पसरला. या अनुभवानंतर जपानमध्ये भातातील कॅडमियम हा राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. तिथल्या संशोधकांनी ‘चोकोकोकु’ हा कॅडमियम भरपूर शोषणारा भाताचाच वाण निवडला. पाणी काढून टाकलेल्या खाचरात दोन वर्षे तो घेतल्यावर मातीतील कॅडमियम 38 टक्क्यांनी कमी झाले आणि पुढे घेतलेल्या खाण्याच्या भातातील प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. शेतकऱ्याला ठाऊक असलेले पीक आणि नेहमीचीच अवजारे, हे या प्रयोगाचे बळ होते.

धातू जागच्या जागी धरून ठेवणे

खाणीच्या टाकाऊ मातीत आणि राखेच्या ढिगात धातूंचे एकूण प्रमाण एवढे असते की ते शोषून संपवणे अशक्य असते. तिथे मुख्य धोका असतो तो उन्हाळ्यात उडणाऱ्या धुळीचा आणि पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या गाळाचा. अशा जागेवर दाट मुळांचे गवत आणि झाडे लावली की माती धरली जाते, पाणी कमी झिरपते आणि सेंद्रिय पदार्थ वाढून धातू बांधले जातात. याला स्थिरीकरण म्हणतात. इथे निवडीचा निकष उलटा असतो: धातू सहन करणारी, पण पानांत न चढवणारी वनस्पती हवी, म्हणजे गुरे चरली तरी विष पुढे जात नाही.

वाळा हे या कामाचे नावाजलेले गवत आहे. त्याची मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात, धातूंचा मोठा भाग मुळांतच राहतो आणि रुजण्याजोगे बी होत नसलेले वाण लावले, तर ते रानभर पसरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विदर्भात असे पुनरुज्जीवन केले आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या टाकाऊ मातीवर आणि खापरखेडा औष्णिक केंद्राच्या राखेवर सेंद्रिय खत किंवा साखर कारखान्यातील प्रेसमड, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जीवाणू यांच्या जोडीने झाडे वाढवण्यात आली. नुसते खड्डे खणून रोपे लावली असती, तर त्या निकस आणि भुसभुशीत राखेत ती तगली नसती.

गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी उभे केलेले टाकाऊ मातीचे ढीग हिरवे करण्यासाठी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. ती लवकर वाढते, नत्र स्थिर करते आणि ढीग ढासळू देत नाही. मात्र तिच्या सावलीत आणि पाचोळ्यात स्थानिक झाडोरा सहज उभा राहत नाही. ढीग स्थिर झाला म्हणजे जंगल परत आले असे नव्हे, हा धडा इतर खाणपट्ट्यांनाही लागू पडतो.

किनाऱ्यावर हेच काम कांदळवन करते. ठाणे खाडीत औद्योगिक पट्ट्यातून येणारे धातू गाळाबरोबर तिवरांच्या श्वसनमुळांच्या जाळ्यात अडकतात. प्राणवायूविरहित चिखलात ते गंधकाशी बांधले जाऊन अविद्राव्य होतात. कांदळवन तोडले किंवा खाडीचा गाळ उपसला की हाच साठा पुन्हा मोकळा होऊ शकतो. त्यामुळे तिवर जपणे हेसुद्धा प्रदूषण-नियंत्रणाचे काम आहे.

कार्बनी प्रदूषकांचे विघटन

वनस्पतिउपचाराचे सर्वांत पूर्ण यश कार्बनी प्रदूषकांच्या बाबतीत दिसते, कारण इथे प्रदूषक खरोखर संपतो. डिझेल, कच्चे तेल आणि त्यातील बहुवलयी संयुगे यांनी माखलेल्या जमिनीत दाट तंतुमुळांची गवते आणि शेंगावर्गीय पिके लावली जातात. जीवाणूंना नत्र आणि स्फुरद कमी पडू नये म्हणून खतही द्यावे लागते. प्रमाण फार जास्त असेल, तर सुरुवातीला जीवाणूंची प्रक्रिया करून नंतर लागवड केली जाते.

भूजलातील विद्रावकांसाठी पॉपलरचा उपयोग होतो. त्याची मुळे खोल जातात आणि पाच-सहा वर्षांचे झाड भर उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटरच्या आसपास पाणी खेचू शकते. पॉपलरची दाट रांग भूजलाच्या वाटेत उभी केली की ती पंपाचे काम करते आणि दूषित पाणी पुढे सरकू देत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील मिल्टन गॉर्डन, ली न्यूमन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की पॉपलरच्या पेशी ट्रायक्लोरोइथिलीन हे धातूवरील वंगण काढणारे विद्रावक शोषतात आणि त्याचे विघटनही करतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या अॅबर्डीन या लष्करी चाचणी-क्षेत्रात 1996 पासून अशी झाडे वापरली गेली. कोरडवाहू मुलखात मात्र एवढे पाणी पिणारे झाड भूजलाची पातळीच खाली नेऊ शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

ज्यांचे विघटन होत नाही अशा काही प्रदूषकांना मात्र काही वनस्पती वायुरूप देऊन पानांतून हवेत सोडतात. सेलेनियमच्या बाबतीत हे लाभदायक ठरते, कारण बाहेर पडणारे डायमिथिल सेलेनाइड मूळ रूपापेक्षा खूपच कमी विषारी असते. कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयात 1983 मध्ये सेलेनियममुळे पाणपक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली, आणि त्यानंतर तिथे मोहरीवर विस्तृत संशोधन झाले. पंजाबातील होशियारपूर-नवाशहर पट्ट्यातील सेलेनियमयुक्त जमिनींसाठीही हे ज्ञान उपयोगी आहे. पाऱ्याच्या बाबतीत मात्र तो हवेत सोडणे म्हणजे प्रदूषण दुसऱ्या गावाला पाठवणे होय.

सांडपाणी आणि पाणवनस्पती

भारतात वनस्पतिउपचाराचा सर्वाधिक प्रत्यक्ष वापर सांडपाण्यासाठी झाला आहे. कृत्रिम पाणथळीची रचना साधी असते. आधी गाळ बसण्याची टाकी. मग खडी आणि वाळूने भरलेला, तळाशी पाणी न झिरपू देणारा वाफा. त्यात पाणकणीस, नळ किंवा कर्दळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून संथपणे सरकते, त्यामुळे वास येत नाही आणि डासही होत नाहीत. खडीवर आणि मुळांवर वाढलेले जीवाणूंचे थर सेंद्रिय घाण खातात. पाणकणसाच्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत प्राणवायू उतरतो. मुळांलगत अमोनियाचे नायट्रेट होते आणि थोड्या अंतरावरच्या प्राणवायूविरहित भागात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत जातो. झाड स्वतः जे नत्र-स्फुरद शोषते त्याचा वाटा एकूण कामात सहसा लहानच असतो. जीवाणूंना निवारा आणि हवा पुरवणे हे त्याचे खरे योगदान.

नीरीने या तत्त्वावर ‘फायटोरिड’ ही पद्धत विकसित केली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातील प्रकल्प हा तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. चढ-उतार अनुकूल असेल तर तिला वीज जवळपास लागत नाही, कुशल मनुष्यबळही थोडे लागते आणि शुद्ध झालेले पाणी बागेला वापरता येते. पुण्यातील सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या ‘ग्रीन ब्रिज’ पद्धतीत वाहत्या नाल्यातच दगड, काथ्या आणि वनस्पतींचे आडवे गाळणपट्टे घातले जातात. उदयपूरच्या आहाड नदीत ती वापरण्यात आली. या साऱ्या पद्धतींना जागा लागते. उष्ण हवामानात दरमाणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा धरला, तरी दाट वस्तीच्या शहरात ती मिळणे कठीण असते. त्यामुळे गावे, वसतिगृहे, गृहसंकुले आणि लहान शहरे हे त्यांचे खरे क्षेत्र. गाळ वेळेवर न काढल्यास खडीचे थर तुंबतात आणि वाफा निकामी होतो. अनेक प्रकल्प बंद पडण्याचे कारण देखभालीतली ही हेळसांड असते.

जलपर्णीची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती नत्र-स्फुरद आणि शिसे, कॅडमियम यांसारखे धातू भराभर शोषते. प्रयोगशाळेच्या टाकीत तिची कामगिरी उत्तम दिसते. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, पंचगंगा या नद्यांत मात्र ती संकट म्हणूनच ओळखली जाते. अनुकूल वातावरणात साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, पाण्याचा पृष्ठभाग झाकते आणि खालचा प्राणवायू घटतो. न काढता तशीच राहिली तर ती कुजून शोषलेले सगळे पुन्हा पाण्यात सोडते. नदीवर पसरलेली जलपर्णी म्हणजे वरून मैलापाणी येत असल्याची खूण. तिचा उपचार म्हणून वापर करायचा, तर बंदिस्त तळ्यात, ठरावीक दिवसांनी ती काढून घेण्याच्या शिस्तीसहच करावा लागतो.

कोलकात्याच्या पूर्वेकडील सुमारे 12,500 हेक्टर पाणथळ प्रदेश हे शहरी सांडपाण्यावर चालणाऱ्या नैसर्गिक व्यवस्थेचे मोठे उदाहरण आहे. उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश, शेवाळ आणि मासे मिळून मैलापाण्याचे अन्नात रूपांतर करतात आणि काठाची जलपर्णी लाटांपासून बांध वाचवते. या जागेला 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला.

किरणोत्सार: एकच फूल, दोन निकाल

1990 च्या दशकात चेर्नोबिलजवळच्या एका लहान तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले वाढवण्यात आली. त्यांच्या मुळांनी पाण्यातील सिझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 लक्षणीय प्रमाणात शोषले. या प्रयोगाने सूर्यफुलाला जगभर प्रसिद्धी मिळाली. 2011 मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर लोकांनी उत्साहाने सूर्यफुले पेरली. परंतु जपानच्या कृषी मंत्रालयाच्या चाचणीत त्यांनी मातीतील सिझियमचा सुमारे दोन हजारावा भागच उचलल्याचे दिसले. वनस्पती तीच होती, माध्यम बदलले होते. पाण्यात सिझियम मोकळे असते. चिकणमातीत ते अभ्रकासारख्या खनिजांच्या थरांत अडकून बसते. फुकुशिमात अखेर मातीचा वरचा थर खरवडून काढण्याचा मार्ग धरावा लागला.

हवा आणि कुंड्यांतील झाडे

झाडांच्या पानांवर धूळ बसते आणि काही वायू पर्णरंध्रांतून आत जातात. केसाळ, खरबरीत किंवा मेणचट पानांची झाडे अधिक धूळ धरतात. कारखान्यांभोवती वड, पिंपळ, करंज, कडुलिंब, आंबा अशा झाडांचे हरितपट्टे राखण्यामागे हेच कारण आहे. पानांवरची धूळ पहिल्या पावसात जमिनीवर येते, म्हणून हा उपाय धुराड्यावरच्या गाळणयंत्राची जागा घेऊ शकत नाही.

घरातील कुंड्या हवा शुद्ध करतात, हा समज नासाचे बिल वुल्व्हर्टन यांच्या 1989 च्या अहवालानंतर पसरला. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या इमारतीत हवेची जी नैसर्गिक अदलाबदल होते तिच्या तोडीचा परिणाम साधायला दर चौरस मीटर जागेत 10 ते 1,000 कुंड्या लागतील, असे त्यात दिसून आले. खिडकी उघडणे त्याहून सोपे.

जनुकीय बदलांचा मार्ग

जे काम एकही वनस्पती करत नाही ते जीवाणूंच्या जनुकांच्या साहाय्याने करून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. जॉर्जिया विद्यापीठातील रिचर्ड मीगर यांच्या गटाने 1996 मध्ये पाऱ्याचे रूप बदलणारे जीवाणूचे जनुक एका छोट्या रोपात आणि पुढे पॉपलरमध्ये घातले. ब्रिटनमधील नील ब्रूस आणि सहकाऱ्यांनी टीएनटी आणि आरडीएक्स या स्फोटकांचे विघटन करणाऱ्या वनस्पती तयार केल्या. आरडीएक्ससाठीच्या स्विचग्रास गवताची अमेरिकेतील लष्करी क्षेत्रात चाचणी होऊन 2021 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परागकणांतून जनुके बाहेर पसरण्याची भीती आणि परवानग्यांची लांबलचक प्रक्रिया यांमुळे असा वापर अजून चाचण्यांपुरताच आहे.

अन्नसाखळीचा धोका आणि पाल्याची विल्हेवाट

जो गुण माती स्वच्छ करतो तोच ताटात विष आणू शकतो. नाल्याच्या पाण्यावर रेल्वेरुळांच्या कडेला पिकवलेला पालक, लाल माठ, अळू, मुळा हे याचे परिचित उदाहरण. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात आणि भाजी दिसायला टवटवीतच असते. त्यामुळे उपचाराच्या जागेवर खाण्याचे पीक घेऊ नये. मोहरी, सूर्यफूल किंवा एरंड घेतला, तर त्याची पेंड आणि पाला गुरांपर्यंत जाऊ नये. ताग, बांबू, एरंड, निलगिरी अशी अखाद्य पिके त्यामुळे सोयीची ठरतात. जमीन सुधारत असताना त्यांतून उत्पन्नही मिळते.

धातू साठवलेला पाला हा स्वतःच घातक कचरा असू शकतो. त्याचे कंपोस्ट करणे किंवा तो शेताच्या बांधावर जाळणे म्हणजे सगळे मुसळ केरात. नियंत्रित भट्टीत जाळल्यास त्याचे वजन सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते आणि उरलेली धातुयुक्त राख घातक कचऱ्याच्या बंदिस्त भरावात पुरता येते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे असे प्रकल्प आहेत. आर्सेनिक आणि कॅडमियमची वाफ होत असल्याने भट्टीच्या धुरावरही नियंत्रण लागते. निकेलच्या बाबतीत हीच राख कच्चा माल ठरते. अल्बानियात अलिसम वर्गातील वनस्पतींच्या पिकातून हेक्टरी 100 किलोपेक्षा अधिक निकेल मिळवल्याचे प्रयोग झाले आहेत. मलेशियाच्या साबा प्रांतात आढळलेल्या फिलँथस रुफुसचानी या झुडपाला 2018 मध्ये रुफस चेनी यांचेच नाव देण्यात आले; तेही निकेलच्या ‘वनस्पती-खाणकामा’साठी आजमावले जात आहे.

पद्धत निवडताना

प्रत्यक्ष कामाची सुरुवात नकाशा आणि नमुन्यांपासून होते. कोणता प्रदूषक आहे, किती खोलवर आहे, त्याचा किती अंश पाण्यात सुटतो, मातीचा सामू किती, पाण्याची पातळी कुठे, हे आधी कळावे लागते. एकूण प्रमाणापेक्षा सुटणारा अंश महत्त्वाचा असतो. त्यानंतर त्याच मातीच्या कुंड्यांत दोन-तीन जाती वाढवून पाहिल्या जातात, मग लहान तुकड्यावर चाचणी होते. भारतीय उन्हाळ्यात सिंचनाची सोय नसेल तर वर्षातले चार-पाच महिने उपचार थांबतो, हेही हिशेबात धरावे लागते. परदेशी अतिसंचयी जाती इथल्या हवामानात टिकतीलच असे नाही, आणि टिकल्या तर तण बनण्याचा धोका असतो. वेडी बाभूळ, बेशरम आणि जलपर्णीचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे.

ढोबळ मानाने, तेल आणि विद्रावकांसाठी मुळांच्या परिसरातील विघटन, सांडपाण्यासाठी पाणथळ वाफे, खाण आणि राखेच्या ढिगांसाठी स्थिरीकरण, तर उथळ आणि मध्यम प्रमाणातील कॅडमियम, आर्सेनिक, निकेल यांसाठी निष्कर्षण अशी विभागणी अनुभवाने ठरली आहे. तीव्र प्रदूषण, खोलवर मुरलेले प्रदूषण आणि लोकवस्तीला तातडीचा धोका असलेल्या जागा यांसाठी खोदकाम किंवा बंदिस्तीच करावी लागते. कडेच्या सौम्य पट्ट्यात वनस्पती वापरता येतात. केंद्र सरकारने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केल्याने अशा जागांची ओळख, जबाबदारी आणि खर्च यांना कायद्याची चौकट मिळाली आहे. वरून येणारे सांडपाणी चालूच असेल, तर मात्र यांतील कोणतीही पद्धत टिकत नाही. त्यामुळे स्रोत बंद करणे ही पहिली पायरी, योग्य वनस्पती ही दुसरी आणि कापलेल्या पाल्याची सुरक्षित विल्हेवाट ही शेवटची.